रेडिओची तार आणि पायाळू पोर

आभाळ नुसतं काळवंडलं, की मी उठते आणि घरातले सगळे प्लग काढायला लागते. टीव्हीचा, फ्रीजचा, नातवाच्या त्या लुकलुकणाऱ्या इंटरनेटच्या डबीचा, आणि सुनेचं लक्ष नसेल तर मिक्सरचाही. नातू इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "आज्जी, गच्चीवर वीजरोधक आहे, खाली अर्थिंग केलंय, बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवलाय. तू गप बस ना एका जागी." मी म्हणते, असेल बाबा, तुझ्या शिक्षणाला मी नावं ठेवत नाही. पण खाली जे काय पुरलंय ते तू स्वतः उकरून बघितलंयस का? मग तो हसतो आणि आईला सांगतो, आज्जीचं सुरू झालं. हसू दे. ह्या वयात कुणी हसलं म्हणून मला राग येत नाही; राग येतो तो काढलेला प्लग कुणी गुपचूप परत लावला की. जमिनीत पुरलेल्या वस्तूवर माझा भरवसा बसत नाही, आणि का बसत नाही ते एकदा नीट लिहावं म्हणून ही वही घेतली. नीट म्हणजे जमेल तितकं. त्या उन्हाळ्यातलं निम्मं मला तेव्हाच कळलं नव्हतं आणि उरलेलं आता आठवताना गोंधळ होतो.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडं पायाळू माणसाबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात: त्याचा पाय लागला की धरलेली कंबर सुटते, आणि वीज कायम त्याच्या मागावर असते. आमचं गाव उमरग्याच्या अलीकडं, सडकेला लागून. पुढं अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कापडाचं दुकान, मागं माळवदाचं, सपाट मातीच्या छताचं घर, त्याच्यामागं परसात न्हाणी आणि म्हशीचं दावं. गावात कुणाच्या पाठीत उसण भरली, की तो बाप्या आमच्या ओसरीवर येऊन पालथा पडायचा आणि अव्वा, म्हणजे माझी आई, आतून हाक मारायची, "नंदे, ये गं, मामाला पाय लाव." मी तीन वेळा पाय लावायचे. मामा उठून बसायचा, "आत्ता बरं वाटलं बघा" म्हणायचा आणि मूठभर शेंगा हातावर ठेवून जायचा. तोच मामा आभाळ गडगडायला लागलं की माझ्या सावलीला उभा राहायचा नाही. त्याच पायांचा गुण आणि त्याच पायांचा धाक, हे माझ्या डोक्यात कधीच बसलं नाही. मी अव्वाला विचारलं, "म्हणजे मी चांगली का वाईट?" ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तू गप. पीठ संपलंय, डब्यातलं काढ."

मला जन्मताना पायाला धरून ओढलं ते माझ्या आत्यानं. अप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तेव्हापासून ती आमच्याकडंच. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तोंड असं की दुकानातले नोकर अप्पांपेक्षा तिला जास्त भ्यायचे. माझ्यावर तिचा जीव होता, पण तो जीव ती मला रागावूनच दाखवायची. माझ्या डाव्या पायात तिनं लोखंडाचा वाळा घातला होता, नांगराच्या मोडक्या फाळाचा, लोहाराकडून करून घेतलेला. वीज लोखंडाला भुलते, पोरीला सोडते, असं तिचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, "आत्या, लोखंड माझ्याच पायात हाय की. ती लोखंडाला भुलली तर येईल कुठं?" त्यावर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि नंतर ताटात खरोखरचा धपाटा वाढला, वर लोण्याचा गोळा. आभाळ आलं की मला माजघरात ज्वारीच्या पोत्यांमध्ये घोंगडीवर बसवायची, पितळेची भांडी लांब सरकवायची, अव्वा अंगणात तवा पालथा फेकायची. पाऊस उघडला की पहिला तो तवा आत यायचा, मग मी.

अशा घरात अप्पांनी रेडिओ आणला. महायुद्ध चालू होतं, सोलापूरला माल घ्यायला गेलं की तिथले व्यापारी रोजच्या बातम्या सांगायचे आणि आमचे अप्पा गावाकडं शिळं ऐकून परत यायचे. त्यांना ते सहन होत नव्हतं. हैदराबाद सरकारच्या इजाजतीचा उर्दू कागद आला तो त्यांनी काच लावून भिंतीवर टांगला, बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी. गावात वीज नव्हती, रेडिओ बॅटरीवरचा. सोलापूरहून कासीम मिस्त्री आले ते नेमके चैत्री पुनवेच्या आसपास, आत्या येडेश्वरीच्या यात्रेला येरमाळ्याला गेलेली असताना. तारांचं काम म्हणून अव्वानं मला दिवसभर स्वयंपाकघरात कोंडून ठेवलं. मी फक्त आवाज ऐकले: माळवदावर बांबू रोवल्याचे, परसात कुदळीचे, आणि मिस्त्रींचे "थोडा इदर खेचो" असले दख्खनी हुकूम. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा माळवदावर दोन उंच बांबू होते, त्यांच्यामध्ये तांब्याची तार, तिच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचे पांढरे गोटे. तारेचा एक फाटा खिडकीतून आत आला होता. खिडकीच्या चौकटीवर पांढऱ्या ठोकळ्यावर पितळेची एक दांडी बसवली होती, आणि तिथून दुसरी तार भिंतीवरून खाली उतरून न्हाणीच्या मोरीजवळ मातीत गेली होती.

मिस्त्रींनी सगळ्यांना बोलावून समजावलं. दांडी वर असली की तारेतनं आवाज रेडिओत येणार. आभाळात गडगडलं की दांडी खाली करायची, मग तारेवर जे काय येईल ते रेडिओला न शिवता परस्पर जमिनीत जाणार. मोरीजवळची जागा ओली राहते म्हणून तिथं जमीन केलीय, उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी ओतत जा. अव्वानं पदर तोंडाला लावून विचारलं, "जे काय येईल म्हंजी काय येईल?" मिस्त्री म्हणाले, "बिजली, माँजी." अव्वाचे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. म्हणजे आधी तार उंच बांधून विजेला बोलवायचं आणि मग तिला परसात सोडायचं, हे तिला पटेना. खरं सांगते, मलाही पटलं नाही. अप्पा दिवसभर दुकानात. दांडी खाली करणार कोण? अव्वा हात लावणार नाही म्हणाली. अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "नंदा करील. तिचा हात पुरतो, पोर चलाख आहे." अव्वा किंचाळलीच, "अवो, पायाळू पोर ती! तिच्याच हातात विजेची दोरी देताय?" अप्पांनी चष्मा पुसला. "पायाळू-बियाळू काही नसतं. एवढीशी दांडी तर खाली करायची." ते इतक्या सहज बोलले, की मला पहिल्यांदाच माझे पाय इतरांसारखे वाटले. त्या एका वाक्यासाठी मी ती दांडी दिवसातून शंभरदा वर-खाली केली असती.

पुढचे पंधरा दिवस घराची जत्रा झाली. संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लागल्या की ओसरीवर सतरंजी पडायची. रेडिओ आधी नुसता खरखरायचा, मग शिट्टी, मग कुठूनतरी माणसाचा आवाज तरंगत यायचा, आणि सगळी माणसं एकदम श्वास धरायची. मुंबईचं मराठी, हैदराबादचं उर्दू, मध्येच कानडी गाणं. पाटलांची म्हातारी रेडिओच्या मागं जाऊन बघून यायची आणि "न्हाय बाई, रिकामंच हाय" म्हणून परत बसायची. अव्वा आतून आंबिलीचे पेले पाठवायची, सोबत शेंगांची चटणी. रेडिओसमोर खायचं नाही असं अप्पांनी ठरवलं होतं आणि सगळ्यात आधी तेच खायचे.

आत्या यात्रेहून आली ती रेडिओला नमस्कार करून एकदा ऐकून मोकळी झाली. "बोलतंय चांगलं, पण स्वतःचंच रेटतंय, आपलं काय ऐकत न्हाय," एवढं बोलून ती आपल्या कामाला लागली. तिच्या मनात दुसरंच होतं. ती नव्हती तेवढ्यात म्हशीनं दूध तोडलं होतं, अव्वाचा हात वाफेनं भाजला होता आणि मला तिजारीचा, दिवसाआड चढणारा ताप आला होता. ह्या तिन्ही गोष्टी पाठोपाठ कशा, हे ती मनात घोळवत होती. एके दुपारी अव्वा झोपलेली असताना तिनं मोरीजवळ दोडक्याचं आळं करायला घेतलं. ओली जागा, वेलाला चांगली. मी पाटीत माती भरत होते. दोन वीत खणलं तर माती काळी निघाली. अजून खणलं, तर कोळसे. कोळशात मिठाचे खडे. आत्याचा हात थांबला. मग ती नुसती खणत गेली, आणि मांडीइतक्या खोलीवर तांब्याचा एक जाड गोल पत्रा लागला, ताटाएवढा.

आमच्या भागात ज्याला कुणाचं वाईट करायचं असतं तो त्याच्या अंगणात काय काय पुरतो, हे लहान पोरालाही माहीत असायचं. मीठ, कोळसा, तांबं. भानामतीच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. आत्याचं तोंड राखेसारखं झालं. "करणी," ती म्हणाली, "आपल्या घरावर करणी केलीय कुणीतरी, नंदे. म्या यात्रेला गेल्याचं साधून." मी म्हटलं, "आत्या, पण ही तार बघा. रेडिओची तारच त्या पत्र्याला आवळलीय की." पत्र्याच्या मधोमध भोक होतं आणि त्यात तार बोल्टानं आवळलेली होती. आत्यानं तार निरखली आणि तिचा निकाल आणखी पक्का झाला. "बघ की! करणारा किती डांबिस. आपल्या तारेलाच बांधलीय. आवाजासंगं घरात चढावी म्हणून." आता मी काय म्हणावं? मिस्त्रींनी जमीन केली म्हणाले होते, पण जमीन करणं म्हणजे काय ते मला कुठं ठाऊक होतं? मी तर कोंडलेली होते. आणि रेडिओला मीठ कशाला लागेल? रेडिओ काय वरण आहे? आत्याचं बोलणं ऐकलं की तेच खरं वाटायचं आणि तारेकडं बघितलं की काहीतरी चुकतंय असं वाटायचं. तिनं संडशीनं बोल्ट सोडवला, तार कोरड्या मातीत खुपसून ठेवली, खड्ड्यात लिंबू, बिबवे आणि टाचण्या टाकून करणी उलटवली, माती लोटली, आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. तुझ्या अप्पाला कळलं तर तो हसंल, आणि करणी हसण्यानं न्हाय जात." मी ब्र काढायचा नाही असं ठरलं. त्यानंतर अप्पांनी पाणी ओतायला सांगितलं की आत्या पुढं व्हायची आणि ते पाणी दोडक्याच्या वेलाला घालायची, हातभर लांब.

वैशाख संपत आला होता. त्या दिवशी दुपारपासून हवा कोंडलेली, म्हैस दाव्याला हिसके देत होती. पावसाचा थेंब नाही, नुसतं उमरग्याच्या अंगानं काळंभोर वर चढत होतं. पहिला गडगडाट झाला तशी अव्वा तवा घेऊन धावली आणि आत्या मला घेऊन माजघराकडं. मी म्हटलं, "दांडी." आत्या म्हणाली, "राहू दे ती दांडी." मी तिचा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा झटकला. अप्पांनी मला काम दिलं होतं. मी खिडकीशी गेले, दांडी धरली आणि खाली केली. खाली केली, हे मी आजही म्हणते, पण तेव्हा तासाभरानं मला विचारलं असतं तर मी सांगू शकले नसते. कारण त्यानंतर खिडकीत पांढरं झालं. आवाज आधी झाला की उजेड, ते ठाऊक नाही. मी जात्याच्या पलीकडं जाऊन पडले होते, घरात गंधकासारखा वास होता, भिंतीला माळवदापासून खालपर्यंत चीर, खिडकीची चौकट कोळसा झालेली, आणि रेडिओ नुसता धुमसत होता. अव्वाचं तोंड उघडं दिसत होतं, पण तिचं रडणं मला ऐकू येत नव्हतं. डावा कान दुसऱ्या दिवशी उघडला. उजवा उघडलाच नाही. आजही त्या बाजूनं कुणी बोललं तर मला नुसते ओठ दिसतात.

गावाला मात्र सगळं लख्ख कळलं होतं. पायाळू पोरीच्या हातात तार दिली, वीज येणारच. पाटलांची म्हातारी अप्पांना ओसरीवर येऊन सांगून गेली, "शेटजी, आज तुमची भिंत गेली, उद्या आमची जाईल. पोर पावसाळ्यात गावात नको." कंबर धरलेली माणसं यायची बंद झाली. अव्वाला वाटायचं मी भीतीनं दांडी खाली केलीच नसावी. ती रागावत नव्हती, उलट कुरवाळून विचारायची, "खरं सांग बाळ, ऱ्हायली होती ना?" आणि इतक्यांदा विचारल्यावर मलाही वाटायला लागलं, राहिली असेल. नाहीतर मग वीज आत आली कशी? दांडी खाली असून आली असेल, तर मिस्त्री खोटे आणि आत्या खरी, माझे पायच खरे. पण मोरीजवळची ती तार मातीत मोकळी होती, ती सारखी डोळ्यांसमोर यायची. आत्याला विचारावं तर ती माझ्याशी बोलत नव्हती, घास भरवायची आणि तोंड फिरवायची. अप्पांनी तर माझ्याकडं बघणंच सोडलं. चौथ्या दिवशी ते अव्वाला म्हणाले, "बेंबळीला हिच्या मामाकडं निरोप दे. सोमवारी येऊन घेऊन जा म्हणावं. तिकडंच एखादं स्थळ बघू." पायाळू-बियाळू काही नसतं म्हणणारे माझे अप्पा. मला वीज लागली तेव्हा मी रडले नव्हते, त्या वाक्याला रडले.

सोमवारच्या आदल्या दिवशी कासीम मिस्त्री आले. अप्पांनीच त्यांना निरोप धाडला होता, हे जळकं खोकं घेऊन जा म्हणून. माझं गाठोडं दारात बांधून ठेवलेलं होतं. मिस्त्री रेडिओपेक्षा खिडकीशी जास्त रेंगाळले. दांडीवरची राख फुंकली, चिमटीनं खालचा पितळेचा जबडा चाचपला आणि म्हणाले, "दांडी नीचे थी. ये देखो, नीचे का मूं जल्या है, उप्पर का साफ है. बच्ची ने बराबर किया." अप्पा म्हणाले, "मग वीज आत आली कशी?" "वोईच मैं पूछता." मिस्त्री भिंतीवरची तार हातानं चाचपत मोरीशी गेले, कुदळ मागितली आणि खणायला लागले. थोडं खणलं आणि "तौबा!" म्हणून दोन पावलं मागं उडाले. खड्ड्यात सुकलेलं लिंबू, टाचण्या, बिबवे. विजेला न भिणारा माणूस तो, पण लिंबाला हात लावायला तयार होईना. "शेटजी, मैंने इत्ता बडा तांबे का पत्रा गाडा था, मीठ-कोयला डाल के. वो किदर गया? और ये क्या है?"

 मी आत्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. डोक्यात एकच घुमत होतं: बोलले तर आत्याचं मेलेलं तोंड, न बोलले तर सोमवार. अव्वानं, काहीतरी करायचं म्हणून, मिस्त्रींसाठी पाणी आणा म्हणून आत खूण केली आणि मीच उठले. आमच्या पिण्याच्या घागरीवर पंधरा-वीस दिवसांपासून नवं झाकण होतं. चिंचेनं घासून लखलखीत केलेलं, तांब्याचं, मध्ये भोक असलेलं. आत्यानं तो पत्रा टाकला नव्हता. तांबं कोण टाकतं? गोमूत्रानं धुऊन, अकरा दिवस देवापुढं ठेवून, तिनं त्याचं झाकण केलं होतं. घरातला प्रत्येक माणूस दिवसातून दहादा तो उचलत होता. माझी मती एवढी गुंग झाली होती, की मी तांब्या भरला आणि तांब्यावर झाकण म्हणून तेच घेऊन मिस्त्रींसमोर गेले. का घेतलं? चुकून, की मला बोलायचं नव्हतं आणि सांगायचं होतं, हे मला सत्तर-पंचाहत्तर वर्षांत ठरवता आलं नाही.

मिस्त्रींनी झाकण उचललं, भोकातून बोट घातलं आणि अप्पांकडं बघितलं. अप्पांचा आवाज चढला, "हे कुणी काढलं?" मी म्हणाले, "म्या." हात उगारून ते माझ्याकडं आले, तोच आत्या मध्ये पडली. "तिला हात लावायचा न्हाय. म्या काढला. म्या उकरला, म्या घासला, म्या त्याचं पाणी पाजलं तुमा सगळ्यांला. तिनं तार दाखवली व्हती मला, म्या ऐकलं न्हाय. लेकराचा कान माझ्यामुळं गेला." आणि ती बाई, जिला आम्ही कधी रडताना बघितलं नव्हतं, न्हाणीच्या दगडावर बसून हमसून हमसून रडली. अप्पांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, दारातलं माझं गाठोडं उचललं आणि माजघरात नेऊन सोडलं.  आत्याशी ते महिनाभर बोलले नाहीत आणि माझ्याशी बोलताना त्यांना चष्मा पुसावा लागायचा.

मिस्त्रींनी पत्रा परत पुरला. मीठ आणि कोळसा टाकायची वेळ आली तेव्हा आत्या पुढं झाली, स्वतःच्या हातानं टाकला, पुटपुटत. काय पुटपुटली कोण जाणे. त्यानंतर रोज लिंगपूजेचं पाणी ती तिथंच ओतायची, म्हातारी होऊन डोळे जाईपर्यंत. रेडिओ दुसरा आला तो दिवाळीच्या सुमाराला. बेंबळीचा मामा सोमवारी आला होता, तो हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खाऊन परत गेला.

नवा रेडिओ आल्यावर थोड्याच दिवसांनी, ऐन कार्तिकात, अवेळी आभाळ भरून आलं. अप्पा दुकानातून धावत आले. दांडी ते स्वतः खाली करू शकले असते, ते खिडकीपासून दोन हातांवर होते. पण ते थांबले आणि म्हणाले, "नंदा." मी उठले. खिडकीपर्यंत गेले आणि माझा हात वर जाईना. बोटं आखडली होती. गडगडाट डाव्या कानात जवळ येत होता. तेवढ्यात माजघरातून आत्या आली. जिला रेडिओची तार म्हणजे यमाचा फास वाटायची, ती आत्या. तिनं माझ्या पाठीमागून येऊन आपला हात माझ्या हातावर ठेवला, आणि दोघींनी मिळून दांडी खाली ओढली. वीज कुठंतरी लांब पडली. तिचा हात माझ्या हातावर तसाच होता. ती काहीतरी बोलली, माझ्या कानाशी तोंड आणून, चांगलं लांबलचक. पण ती उजव्या बाजूला होती. मी मान हलवली, ऐकू आल्यासारखी. पुन्हा विचारायला मला तेव्हा लाज वाटली, नंतर विचारू म्हणता म्हणता वर्षं गेली, आणि मग तीही गेली.